घर कोणाचं, निर्णय कोणाचा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मराठवाड्याची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचं विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. भूकंपाच्या सरकारी नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. सुमारे ८,००० माणसं दगावली आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली.

लष्कर, डॉक्टर, स्वयंसेवी संस्था, मंत्र्यांच्या गाड्या हे सगळं पोचायच्या आत जी माणसं ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, त्यांना शेजाऱ्यांनी काढलं. हातात पहार, खोरं, घमेलं, नाहीतर नुसते हात. जगातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या आपत्तीत हेच घडतं. कोणत्या घरात किती माणसं झोपतात, म्हातारी कोणत्या खोलीत असते, हे गल्लीतल्या माणसाइतकं कोणत्याही पथकाला ठाऊक नसतं. पण बाहेरची मदत आली, की याच माणसाची जागा बदलते. काल रात्री ज्याने चौघांना वाचवलं, तो आज यादीत आपलं नाव शोधत फिरतो. मदत काय यावी, कुठे उतरावी, घर कुठे आणि कसं बांधावं हे सगळं त्याच्यापासून दूर, तो नसलेल्या बैठकीत ठरतं.

आपत्तीत सापडलेल्या लोकांना मदतकार्याच्या निर्णयांत सहभागी करून घेणं हा विषय पाहुणचाराच्या किंवा सौजन्याच्या खात्यात टाकला जातो. वेळ असेल तर विचारू, नाहीतर राहू दे, असा एकंदर भाव असतो. प्रत्यक्षात मदत उपयोगी पडते की वाया जाते, घर राहण्याजोगं होतं की नुसतं उभं राहतं, साथ आटोक्यात येते की लपून पसरते, याचा निकाल पुष्कळदा इथेच लागतो. विचारलं का, एवढ्यावर हा प्रश्न थांबत नाही. कोणाला विचारलं, कधी विचारलं आणि उत्तर ऐकून ठरलेल्या गोष्टीत काही बदल केला का, हे तिन्ही पाहावं लागतं. किल्लारीच्या पुनर्वसनात या तिन्हींची चांगली आणि वाईट अशी दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी सापडतात, म्हणून या विषयाची ओळख तिथून करून घेणं सोयीचं.

त्याआधी मदतीच्या लोंढ्याबद्दल थोडं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या नागपट्टिनमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग साचले होते. देशभरातल्या लोकांनी कळवळ्याने पाठवलेले कपडे होते ते. पण किनाऱ्यावरचे मच्छीमार कष्टाने कमावून मानाने राहणारे लोक. दुसऱ्याने वापरलेलं नेसायला त्यांनी नकार दिला. ते ढीग पावसात भिजले आणि उचलून नेण्याचं काम आधीच थकलेल्या यंत्रणेच्या गळ्यात पडलं. पुढे बोटींचं तसंच झालं. बोट दिसते, मोजता येते, तिच्यावर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. त्यामुळे अनेक संस्थांनी बोटीच दिल्या आणि काही ठिकाणी त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या. टोपली घेऊन दारोदार मासे विकणाऱ्या बायका, मिठागरांवरचे आणि शेतांवरचे मजूर यांचं कामही समुद्राने बुडवलं होतं, पण त्यांच्यापर्यंत मदत उशिरा पोचली. त्यांच्या वस्तीत जाऊन, तुमचं पोट कशावर चालत होतं, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

हैतीत तर विचारण्याची जागाच चुकली. जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर शेकडो परदेशी संस्था पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरल्या. पाणी, निवारा, आरोग्य अशा एकेका विषयाच्या समन्वय बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर भरू लागल्या. तळाच्या फाटकावर पहारा, आत बोलणं बहुतांशी इंग्रजीत. देशाच्या भाषा क्रिओल आणि फ्रेंच. अनेक हैतीयन संस्थांच्या लोकांना फाटकातून आत जाणंही मुश्कील होई. आपल्याच शहराच्या उभारणीची चर्चा त्यांनी बाहेर उभं राहून ऐकायची, अशी ती रचना होती.

आता किल्लारी.

भूकंपानंतर सरकारने तातडीने हालचाल केली, याबद्दल दुमत नाही. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. नुकसानीप्रमाणे गावांची वर्गवारी झाली. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या गावठाणात न्यायची, काही गावं आहेत तिथेच नव्याने बांधायची आणि उरलेल्या, अडीच हजारांच्या आसपास गावांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनीच करायची, सरकारने पैसे आणि तांत्रिक मदत द्यायची.

स्थलांतराचा निर्णय लोकांवर लादला गेला असं सरसकट म्हणता येत नाही, आणि किल्लारीचा हा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. वाचलेल्यांपैकी अनेकांनीच नव्या जागेची मागणी केली होती. ज्या ढिगाऱ्यातून पोरंबाळं मेलेली काढली, त्यावर पुन्हा चूल मांडायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती. दगडाचं घर नको, लाकूड नको, सिमेंटचंच हवं, असंही लोक म्हणत होते. म्हणजे विचारलं तर गेलं. पण विचारलं ते चिता विझायच्या आत, आणि त्या दिवसांतलं उत्तर कायमचं धरून गावांचे नकाशे आखले गेले. वर्षभराने, पेरणी पार पडल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये एक उन्हाळा काढल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला असता तर उत्तर काही गावांत तरी वेगळं आलं असतं. तोवर जमिनी संपादित झाल्या होत्या, दाते संस्थांनी गावं दत्तक घेतली होती, कंत्राटं निघाली होती.

नव्या गावांची आखणी शहरातल्या वसाहतीसारखी झाली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, एकसारखे प्लॉट, मधोमध सुटं उभं घर. जुनं गाव दाटीचं होतं. वाड्याला वाडा लागून, अरुंद बोळ, त्यांत दिवसभर सावली, मारुतीच्या पारावर बसायला जागा. नव्या गावाने जुन्याच्या कित्येक पट जमीन व्यापली आणि त्या पसाऱ्यात म्हातारी माणसं एकटी पडली. घराचं क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, ज्वारीची पोती कुठे ठेवायची, याचा विचार आराखड्यात नव्हता. संडास बांधले, पण पाणी नव्हतं. कितीतरी घरांत त्यांत गोवऱ्या आणि अडगळ गेली. गुबाळ गावात तर एका संस्थेने घुमटाकार घरं बांधून दिली. भूकंपात ती पक्की असतील, पण गोल भिंतीला कपाट लागत नाही की देव्हारा बसत नाही. लोकांनी शेजारी चौकोनी खोल्या काढल्या.

ग्रामसभा झाल्या का? झाल्या. मराठवाड्यातल्या त्या काळच्या ग्रामसभेचं चित्र मात्र डोळ्यांसमोर आणायला हवं. सतरंजीवर पुढे पाटील, सरपंच, सोसायटीचे चेअरमन. मागे इतर शेतकरी. दलित वस्तीतले लोक कडेला उभे. बायका आल्याच तर देवळाच्या भिंतीआड, पदर सावरून. त्या सभेतून आलेल्या ठरावाला गावाचं मत म्हणणं कागदावर बरोबर असतं. घरात दिवसाचे अठरा तास वावरणाऱ्या, चुलीची जागा, मोरीचा उतार आणि पाण्याची वाट ठरवणाऱ्या बाईचं मत त्यात नसतं.

दुरुस्तीच्या गावांत मात्र वेगळंच काही घडलं, आणि ते मराठी वाचकांना अजून पुरेसं माहीत नाही.

या गावांत सुरुवातीला काम अडखळत होतं. पैसे हप्त्यांनी मिळायचे; कोणता हप्ता कशासाठी, कोणतं काम झाल्यावर पुढचा, हे लोकांना समजत नव्हतं. इंजिनिअर मोजके आणि गावं शेकडो. तेव्हा सरकारने लोकसहभागाच्या कामासाठी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेची मदत घेतली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेने कागदावरच उरलेली महिला मंडळं जागी केली आणि गावोगाव ‘संवाद सहायक’ म्हणून त्याच गावातल्या बायका नेमल्या. हजाराहून अधिक गावांत या बायका उभ्या राहिल्या. यातल्या कितीजणींनी तोवर तालुक्याच्या कचेरीची पायरीही चढलेली नव्हती.

त्यांचं काम काय होतं, ते भिंतीजवळ जाऊन पाहिलं तर नीट कळतं. मराठवाड्यातली जुनी भिंत अडीच-तीन फूट जाड असते. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. वर लाकडी खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या आणि मातीचा जाड थर. हे माळवद. वैशाखातही आत गारवा. गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वर नवी माती पडते, आणि वर्षानुवर्षं ओझं वाढत जातं. भूकंपात भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि आतबाहेर कोसळले. पुष्कळ घरांत लाकडी सांगाडा तसाच उभा होता. म्हणजे मारणारं ना लाकूड होतं, ना दगड. दोन पदरांना जोडणारा आरपार दगड भिंतीत नव्हता आणि डोक्यावर नको इतकं वजन होतं. उपायही फार अवघड नव्हते. माळवदाची माती कमी करायची. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं. कोपरे बांधून घ्यायचे. दाराखिडक्यांच्या वरून चारी भिंतींना एकसलग पट्टा द्यायचा.

हे संवाद सहायकांनी शिकून घेतलं आणि घरोघर जाऊन सांगितलं. कोणाच्या नावावर किती रक्कम मंजूर आहे, पहिला हप्ता कशासाठी, सिमेंट किती यायला हवं, गवंड्याने सळई खरंच घातली की नुसतं तोंड लिंपलं, याच्यावर त्या नजर ठेवू लागल्या. शंका आली की इंजिनिअरला गाठू लागल्या. बांधकामातलं बायकांना काय कळतं, असं म्हणणारे होतेच. पण घरमालक शेतात आणि गवंडी घरात अशा वेळी दिवसभर कामावर हजर असायची ती बाईच, हे कोणाला नाकारता येत नव्हतं.

लोकांनी इथेही सगळं सांगितलं तसंच केलं असं नाही. अनेक कुटुंबांनी जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशांत शेजारी सिमेंटची एक पक्की खोली बांधणं पसंत केलं. तज्ज्ञांना हे पटत नव्हतं, कारण निम्मं कुटुंब अजून जुन्याच माळवदाखाली झोपत होतं. तज्ज्ञांचं म्हणणं बरोबर होतं. लोकांची भीतीही खरी होती. सहभागाचा अर्थ लोक म्हणतील ते निमूट मान्य करणं असा घेतला, तर या पेचात हात टेकावे लागतात. माहिती दोन्ही बाजूंनी वाहिली पाहिजे. भिंत का पडली, हे लोकांना कळायला हवं आणि त्या भिंतीवर आता विश्वास का उरला नाही, हे तज्ज्ञांना. जिथे हे बोलणं पुन:पुन्हा झालं, तिथे काम बरं झालं.

भूकंप एकच, सरकार एकच, पैशाची थैलीही एकच. पण दुरुस्तीच्या गावांत घर लोकांच्या हातून उभं राहिलं; ५२ गावांत ते आयतं मिळालं आणि बरीच वर्षं परकं राहिलं. नंतर लोकांनी हळूहळू त्याला आपलंसं केलं: ओटे काढले, लिंबाची झाडं लावली, गोठे बांधले, जुन्या गावातले दगड आणि तुळया आणून खोल्या वाढवल्या. काहींनी त्या खोल्या पुन्हा जुन्याच पद्धतीने, आरपार दगडाशिवाय बांधल्या, कारण त्यांना बांधकामात कधी सामीलच करून घेतलं नव्हतं.

किल्लारीचा हा अनुभव कच्छने फार लवकर उचलला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातमध्ये १३,८०० च्या आसपास माणसं दगावली. तिथेही आधी गावं हलवण्याचा विचार पुढे आला होता, पण बहुतेक गावांनी जागा सोडायला नकार दिला. मग पैसे थेट घरमालकाच्या खात्यात, तीन हप्त्यांत आणि प्रत्येक टप्प्यावर इंजिनिअरची तपासणी, अशी पद्धत ठरली. बहुसंख्य घरं लोकांनी स्वतः उभारली. ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ या संस्थांच्या जाळ्याने गावांच्या गटागटांसाठी ‘सेतू’ केंद्रं काढली. सरकारी आदेश सोप्या भाषेत गावापर्यंत आणि गावाची तक्रार कचेरीपर्यंत, असं त्यांचं दुहेरी काम. लातूर-उस्मानाबादच्या बायकाही कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. त्सुनामीनंतर त्या तमिळनाडूतही गेल्या. भाषा येत नव्हती, पण घर गमावलेल्या बाईला दुसऱ्या घर गमावलेल्या बाईचं सांगणं पटायला दुभाषी फारसा लागत नाही. त्यांच्या या प्रवासांबद्दल मराठीत इतकं कमी लिहिलं गेलं, याची खंत वाटते.

घराबाबतची चूक पुढे-मागे दुरुस्त करता येते. साथीत तेवढी सवड मिळत नाही. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत इबोलाने ११,००० हून अधिक बळी घेतले. इबोलाने मेलेल्या माणसाचं शरीर अत्यंत संसर्गजन्य असतं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे नातेवाईक मृतदेहाला आंघोळ घालतात, स्पर्श करून निरोप देतात. वैद्यकीय पथकांनी हे बंद करायला हवंच होतं. पण कसं? नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातली, चेहरा न दिसणारी माणसं गाडीतून यायची, देह काळ्या पिशवीत घालून न्यायची आणि कुठे पुरलं तेही कळत नसे. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात ऑगस्ट २०१४ मध्ये सरकारने दहनाची सक्ती केली. आपल्याकडे अनेकांना दहनात वावगं वाटणार नाही. तिथे मात्र तो मृताचा अपमान होता. परिणाम व्हायचा तोच झाला. घरच्यांनी आजार लपवला, मृतदेह लपवले, रात्री गुपचूप पुरले. साथ वाढली. गिनीतल्या वोमे गावात सप्टेंबर २०१४ मध्ये जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातल्या आठ जणांना जिवे मारण्यात आलं, इतका अविश्वास साचला होता.

मग मानवशास्त्रज्ञ, मौलवी, धर्मगुरू आणि गावचे प्रमुख यांच्याशी बोलणी झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाचे नवे नियम काढले. कुटुंबाने सुरक्षित अंतरावर हजर राहावं, प्रार्थना व्हावी, मुस्लिम मृतासाठी पाण्याविना शुद्धीचा विधी करता यावा, कबरीवर नाव असावं. काळ्या पिशव्यांच्या जागी पांढऱ्या आल्या, कारण कफनाचा रंग पांढरा. डिसेंबरमध्ये मन्रोव्हियाजवळ दफनासाठी जमीन मिळाली आणि दहनाची सक्ती गेली. विषाणूबद्दलच्या ज्ञानात या बदलांमुळे काहीच भर पडली नव्हती. लोक मात्र फोन करून पथकाला स्वतः बोलावू लागले.

नियमांच्या पातळीवर हे सगळं मान्य होऊन बराच काळ झाला. रेडक्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची आचारसंहिता १९९४ मधली, म्हणजे किल्लारीचं पुनर्वसन सुरू होत होतं त्याच वर्षीची; तिच्या दहा कलमांपैकी एक थेट याच विषयावर आहे. मदतकार्यासाठीची ‘स्फिअर’ मानकं २००० मध्ये पुस्तकरूपात आली, २०१४ मध्ये आणखी एक मानक आलं. २०१६ मध्ये मदतकार्यावरच्या इस्तंबूलच्या परिषदेच्या वेळी मोठ्या देणगीदारांनी २०२० पर्यंत पैशाचा चौथा हिस्सा स्थानिक संस्थांकडे वळवायचं कबूल केलं. ठरलेल्या मुदतीत ते त्याच्या जवळपासही पोचले नाहीत. कारण उघड आहे. मदत संस्था हिशेब देते तो पैसे देणाऱ्याला. दुष्काळातली बाई किंवा छावणीतला म्हातारा तिला जाब विचारू शकत नाही, तिचा करार रद्द करू शकत नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही: पुराच्या पाण्यात बोट घेऊन गेलेला माणूस सभा भरवत बसणार नाही. बरोबर. पहिल्या तासांत शेजारी हेच यंत्रणा असतात, तेव्हा वेगळं विचारायला नकोच. विचारायचं ते पूर येण्याआधी आणि पाणी ओसरल्यावर. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाकडे होडी आहे, गुरं उंचावर न्यायला वाट कोणती, ही यादी उन्हाळ्यातच गावात बसून करता येते. बांगलादेशाने १९७० च्या भीषण चक्रीवादळानंतर, १९७२ पासून, किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांमधूनच स्वयंसेवकांची फळी उभी केली. आज तिथे हजारो स्वयंसेवक सायकलवरून, भोंग्यावरून, झेंडे लावून इशारा देतात आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

महाराष्ट्रात २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, सहअध्यक्षपद जिल्हा परिषद अध्यक्षांकडे. त्याखाली गावपातळीवर लोकांचं स्थान काय, हे बव्हंशी त्या त्या तहसीलदारावर आणि सरपंचावर सोपवलेलं आहे. २०१४ मध्ये माळीण हे गाव दरडीखाली गाडलं गेलं. नवं गाव २०१७ मध्ये उभं राहिलं आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे ट्रकच्या ट्रक मदत गेली आणि वाद गाजला तो पाकिटांवर छापलेल्या नेत्यांच्या चेहऱ्यांचा. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर डोंगर आला, तेव्हा ती ठाकरवाडी दरडींच्या धोक्याच्या सरकारी यादीत नव्हती.

आणि पंचनामा अजूनही होतो तो उताऱ्यावरच्या नावाने. घर सासऱ्याच्या नावावर आणि आत तीन चुली, भरपाई एकीलाच. बटाईने शेत करणारा, तोंडी करारावर राहणारा भाडेकरू, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेलं कुटुंब, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली बाई, यांची नोंद तलाठ्याच्या कागदात कुठे करायची हे कोणी सांगितलेलं नाही. किल्लारीत भूमिहीनाचं घर २५० चौरस फुटांचं ठरलं, ते सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतं म्हणून. तीस वर्षांनी पूरग्रस्ताची यादी वाचली जाते तेव्हाही सातबाराच आधी उघडला जातो.